न वाजवलेली थाप

मी तवा बाहेरून मॅट्रिकला बसले होते, तेबी तिसऱ्यांदा, आन् अख्ख्या खुटबाव गावात इंग्रजीची डिक्शनरी माझ्याकडंच होती. म्हणून तर आमच्या गायन पार्टीचा जालिंदर सकाळीच पुण्याचा इंग्रजी पेपर घेऊन दारात आला. भीमजयंतीला दौंडच्या रेल्वे हॉलमधी आमचा कार्यक्रम झालेला, त्याचं छापून आलं होतं. मी तर हरखूनच गेले.

जालिंदरचं तोंड मात्र उतरलेलं. "दौंडच्या एका क्लार्कानं वाचून दावलं. ढोलकीवाला मधीच वाजवायचा थांबतो, असं लिवलंय. चांगुणावैनी, रविवारी पुण्यात कार्यक्रम हाय. म्या शिरूरचा दुसरा ढोलकीवाला बघून ठेवलाय."

ढोलकीवाला म्हंजी आमचे मालक, तात्याबा. खाली मान घालून शेंगा फोडत बसले. नऊ वर्सं ह्या पार्टीत वाजवलं आन् तोंडातून चकार शब्द न्हाई. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "जालिंदरभाऊ, बसा. माझं वाचून झाल्याबिगर उठायचं न्हाई."

वाक्य एवढंच होतं: ढोलकीवाल्याचे सगळ्यात एलोक्वन्ट स्ट्रोक म्हंजी त्यानं विथहेल्ड केलेले. मी एकेक शब्द काढला. एलोक्वन्ट म्हंजी बोलका. स्ट्रोक म्हंजी थाप. विथहेल्ड म्हंजी हातात असून न दिलेला. शब्द सगळे कळले, वाक्य काय कळंना. न वाजवलेली थाप बोलंल कशी? पण बोलका म्हणून कुणी कुणाला नावं ठेवतं व्हय?

"अवो," मी मालकांना म्हटलं, "वाजवताना तुम्ही हात कवा उचलता?"

त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली. म्हणाले, "बाबासाहेबांचं नाव आलं की. आई पार मागं, लोकांच्या शेवटच्या रांगेत बसायची, तिला ऐकू कमी यायचं. म्हनायची, तुझ्या ढोलकीत नाव बुडतंय रं, तेवढं मला ऐकू दे. ती गेली. हात आजूनबी उचलतो."

जालिंदरनं कपाळावर हात मारला. "नऊ वर्सं शेजारी बसून माझ्या ध्यानात कसं आलं न्हाई?"

"गाताना डोळे मिटता, त्यासंगं कानबी मिटत असाल," मी म्हटलं. "आता डोळे उघडे ठेवून गा."

मालकांनी ढोलकी पुढ्यात ओढली, जालिंदरनं गाणं धरलं. ढोलकी घुमाय लागली, पत्रा थरथरला. नाव आलं, हात वर गेला, आन् ते नाव एकटंच घरात ऐकू आलं. डिक्शनरी मांडीवर तशीच उघडी होती, पण वाक्य मला आत्ता कळलं. लई आनंद झाला, नाचावंसं वाटलं.

जालिंदरनं पुढचं कडवं घेतलंच न्हाई. डोळे पुसले आन् उठला. "तात्याबा, रविवारी सकाळी सातची गाडी हाय. ढोलकी घेऊन स्टेशनावर या. शिरूरच्याला म्या सांगतो."

तो गेल्यावर मालकांनी पेपर उचलला. एक अक्षर वाचता येत न्हाई, तरी बघत बसले.

"चांगुणा," ते म्हणाले, "हे लिवणारा मागंच बसला आसंल. आई बसायची तिथं."