जरा जास्तच जिंकलेला खटला

मायली पहाटेपासून खोकते आहे आणि

नाही. हे खटल्याच्या नोंदीत नाही.

सकाळी गाडीत आमच्या वकील, कॅप्टन थाइसन मॅडमनी आम्हाला बजावलं होतं, "लष्कराच्या या अपील न्यायालयापुढे दोनच गोष्टी असतात, डेनिटा. दोष आणि शिक्षा. बाकी सगळं बाहेर." तर मीही तसंच सांगून बघते.

दोष: इराकहून परतलेल्या माझ्या नवऱ्याने, सार्जंट रॉस्को टिलरीने, आपल्या तुकडीच्या कॅप्टनच्या कानाखाली वाजवली. मान्य.

शिक्षा: पाच महिने कैद, हुद्दा दोन पायऱ्या खाली. कोर्ट मार्शलने त्याला सैन्यातून हाकललं मात्र नाही.

ही थाइसन मॅडमची कमाई. त्या निकालाच्या दिवशी तळाबाहेरच्या बार्बेक्यूच्या टपरीत रॉस्कोने आग्रह करकरून त्यांच्यापुढे डुकराच्या मांसाची दुसरी प्लेट ठेवली. "नोकरी वाचली, मॅम. पोरीचं औषध वाचलं."

(टपरी नोंदीत नाही. खोडते.)

आता बाहेरचं. रॉस्को कैद भोगून आला, आणि तीन अधिकारी एका खोलीत बसले. त्याच थपडेवर बोट ठेवून त्यांनी त्याला खटल्याविना, नुसत्या प्रशासकीय हुकमाने सैन्यातून काढलं. महिनाअखेरपर्यंत. तो गेला की आमचं ओळखपत्र जाणार, ओळखपत्राबरोबर लष्कराचं हॉस्पिटल, हॉस्पिटलबरोबर औषध. मायली नऊ वर्षांची आहे. तिच्या फुप्फुसांत जन्मापासून चिकट कफ साचतो. बाहेरच्या विमा कंपन्या आजाराचं नाव ऐकेपर्यंत फार गोड बोलतात.

म्हणून थाइसन मॅडमनी या न्यायालयाकडे असाधारण आदेश मागितला: ही हकालपट्टी थांबवा.

तीन न्यायाधीश, मधल्या खुर्चीत कर्नल हॅवर्टी. चष्मा कपाळावर.

"कॅप्टन, असाधारण आदेश द्यायला आधी आमच्याकडे साधा अधिकार तरी हवा. तो कुठून आणायचा?"

"सर, एकाच गुन्ह्याची ही दुसरी शिक्षा"

"शिक्षा नव्हे. प्रशासकीय कारवाई. कोर्ट मार्शलनेच याला हाकललं असतं, किंवा वर्षभर आत टाकलं असतं, तर प्रकरण आपोआप आमच्याकडे आलं असतं. खरं की नाही?"

"खरं, सर."

"म्हणजे तुम्ही जरा जास्तच जिंकलात."

हशा. थाइसन मॅडमही हसल्या. न्यायाधीशांनी विनोद केला होता. रॉस्कोने माझ्याकडे वळून पाहिलं. "काय झालं गं हसायला?"

मग सरकारी वकील, मेजर पुलम.

"मेजर, हे बरोबर झालं असं सरकारचं म्हणणं आहे?"

"बरोबर की चूक, ते आम्ही म्हणत नाही, सर. ते या न्यायालयापुढे नाही, एवढंच म्हणतो."

"मग कुणापुढे आहे?"

"लष्करी नोंदी दुरुस्त करणाऱ्या मंडळाकडे अर्ज करता येईल."

"किती वेळ लागतो त्यांना?"

"दीड वर्ष, सर. कधी जास्त."

"आणि ते मूल?"

"मूल नोंदीत नाही, सर."

मायली माझ्या शेजारीच बसली होती, रुमालात तोंड खुपसून. तिच्या खोकल्याने मेजरना मध्ये दोनदा थांबावं लागलं होतं. हॅवर्टींनी चष्मा खाली ओढला आणि तिच्याकडे पाहिलं. मग उजवीकडच्या न्यायाधीशांकडे. त्यांनी मान हलवली, जेमतेम. नाही.

एरवी निकाल टपालाने येतो. हॅवर्टी म्हणाले, यांना उगाच आशेवर कशाला ठेवा.

"अधिकारक्षेत्राअभावी अर्ज फेटाळला. जे झालं ते न्याय्य आहे असं आम्ही म्हणत नाही. अन्याय्य आहे असं म्हणण्याचाही आम्हाला अधिकार नाही."

सगळे उठले. आम्हीही उठलो.

बाहेर गाड्यांपाशी रॉस्को थांबला. "मॅम, एक विचारू?"

"विचार ना, सार्जंट."

"सार्जंट कसला आता! ते काढून घेतलं ना."

"सवय रे."

"मी परत गेलो तर? म्हणजे त्याच कोर्टात. म्हटलं, मला वर्षभर आत टाका, हाकलून द्या, तसं लिहून द्या. मग तर या लोकांना माझं ऐकावं लागेल?"

"वेडबीड लागलंय का तुला?" मी म्हटलं.

"तू थांब, डेनिटा. मी वकिलांना विचारतोय."

थाइसन मॅडमनी टोपी घातली, पुन्हा काढली. "शिक्षा वाढवून देता येत नाही. कुठल्याच न्यायालयाला नाही."

"माझी तयारी असली तरी?"

"तरी."

रॉस्कोने मान डोलावली, हुकूम ऐकल्यावर डोलावतो तशी.

तेवढ्यात मायली खोकत गाडीच्या दाराशी वाकली. मी तिला उचलून बॉनेटवर बसवलं, तळहाताची वाटी केली आणि कफ सुटावा म्हणून पाठीवर थापा मारायला लागले, खालून वर, खालून वर. थाइसन मॅडम जवळ आल्या.

"मी काही धरू का?"

धरण्यासारखं काही नव्हतं.