नळीतलं जेवण

थोरलीने गेले कित्येक महिने नीट बसून जेवण असं केलंच नव्हतं. शिवणकारखान्यातून संध्याकाळी पाय ओढत घरी यायचं, बाबांच्या पोटाला जोडलेल्या नळीतून पातळ जेवण सावकाश सोडायचं, नळी पाण्याने धुवायची आणि मग जिन्यात जाऊन गार पाव नि उकडलेला बटाटा उभ्या उभ्या पोटात ढकलायचा. धाकटी बहीण परगावी होती. ती फोनवरून सल्ले देण्यात मात्र कधी हात आखडता घेत नसे.

ऑपरेशनपासून बाबांची अन्ननलिका निकामी झाली होती. बोलणं शाबूत होतं, पण घास उतरणार नव्हता. जन्मभर बेकरीची भट्टी सांभाळलेल्या माणसासमोर आपण खायचं कसं, म्हणून थोरलीने घरात तळणं-भाजणं बंद केलं. डबासुद्धा ती आवाज न करता उघडायची.

तरी दिवस मावळला की बाबा पोट धरून बसत, आत जळतंय म्हणत. तेव्हा पोटात तर दुपारपासून काही गेलेलं नसे. तरी नळीतलं जेवणच बाधतंय असं समजून थोरली ते आणखी पातळ करी. बाबा वाळत चालले. शेवटी अर्ध्या दिवसाची रजा टाकून तिने त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकून घेतलं. पोटाला काही मिळण्याआधीच मेंदू तयारीला लागतो, असं त्या म्हणाल्या. अन्नाची नुसती चाहूल लागली, आठवण झाली, तरी मेंदूतली काही हार्मोन्स जागी होतात. तिथून पोटापर्यंत गेलेल्या मज्जातंतूवाटे निरोप जातो आणि पोट आम्ल सोडू लागतं. ते आवरणारी हार्मोन्सही मेंदूतच असतात, पण बाबांच्या बाबतीत आम्ल सोडायला लावणाऱ्यांचंच चालत असावं. आम्ल तयार आणि अन्न उशिरा, मग जळणारच.

"पण चाहूल लागते कुठे?" थोरली म्हणाली. "मी घरात काही शिजवतच नाही."

बाबा खाली बघत हसले. "तू येण्याच्या वेळेपासून माझं तेच सुरू होतं. आज पण पोरगी जिन्यातच खाणार, आणि खाणार तरी काय, असा विचार करत बसतो."

थोरलीला रडू आलं नाही, रागच आला. इतक्या दिवसांत एका शब्दाने सांगायला काय झालं होतं? पण भांडायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

डॉक्टरीणबाईंनी आम्ल कमी करणारं औषध लिहून दिलं. जेवण पातळ करू नका, दोघांनी एकाच वेळी जेवा, असं बजावलं.

त्या संध्याकाळी थोरलीने कांदा भाजला. बाबांची नळी चालू केली आणि ताट घेऊन त्यांच्या समोरच बसली. तोंडाला सुटलेलं पाणी ते रुमालाने टिपत राहिले.

"पाव कच्चा आहे," ते म्हणाले. "वासावरून कळतंय."

"असू दे," म्हणत तिने दुसरा घेतला.

जळजळ लगेच थांबली नाही. हळूहळू कमी झाली, गालांवर जरा मांस धरलं. नळी मात्र कायमचीच होती आणि कारखानाही. कधी कधी जेवता जेवता थोरलीचा तिथेच डोळा लागायचा. मग बाबा तिला न उठवता, हात लांबवून नळीचा चिमटा आपणच बंद करायचे.