वाळूत मेख टिकत नाही

मी तंबू बोलतोय. कापडाला वाचा कशी फुटली, ते विचारू नका. ज्या घरात माणसं दिवसभर बोलतात आणि कामाचं एक अक्षर बोलत नाहीत, तिथे शेवटी कापडालाच तोंड उघडावं लागतं.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. जाड खाकी कॅनव्हास, चाळीस शिलाई यंत्रं आणि कानठळ्या बसवणारा खडखडाट. मला शिवणाऱ्या बाईनं प्रत्येक शिवण मेण लावलेल्या दोऱ्यानं दोनदा मारली. तपासनीस म्हणाला, "एवढं मजबूत कशाला? सरकारी माल आहे." ती मान वर न करता म्हणाली, "यात कुणीतरी झोपणार आहे ना?" मी ऐकलेलं हे पहिलं शहाणं वाक्य. त्यानंतर अशी वाक्यं फार कानावर आली नाहीत.

तिथून मी भूमापन खात्यात गेलो आणि एका तरुण मोजणीदार बाईच्या ताब्यात आलो. तिला सगळे ताई म्हणत, म्हणून मीही ताईच म्हणतो. तिला वाळवंटाचा नकाशा करायला पाठवलं होतं. एक बाई चार महिन्यांत पळून येईल, अशी वरिष्ठांची खात्री होती. ती बावीस हिवाळे तिथे जात राहिली.

पहिल्याच दुपारी वारा सुटला आणि माझ्या सगळ्या मेखा सटासट उपटल्या गेल्या. मी अर्धा मैल लोळत गेलो. ताई मागून धापा टाकत आली, माझ्यावर बसली आणि मला चार शिव्या दिल्या. मग तिनं माझी फाटलेली झडप कापून आठ पिशव्या शिवल्या. वाळूत मेख ठोकणं म्हणजे पिठात सुई उभी करणं. पिशवीत वाळू भरायची, तिच्या गळ्याला माझा दोरीचा तणावा बांधायचा आणि पिशवी हातभर खोल पुरायची. त्यानंतर बावीस हिवाळ्यांत मी एकदाही पडलो नाही.

त्या वाळवंटात एका उंचवट्यावर ताईनं मोजणीचा एक दगड रोवला होता. त्यावर एक्केचाळीस हा आकडा तिनं स्वतः छिन्नीनं कोरला. काम संपलं की त्या दगडाला टेकून ती चहा प्यायची. पुढे तो सगळा भाग राष्ट्रीय उद्यान झाला, तिथे फाटक आलं, तिकीट आलं. ताई निवृत्त झाली. मला खात्यानं 'निरुपयोगी' असा शेरा मारून फेकायला काढलं, तेव्हा तिनं मला रिक्षात घालून घरी आणलं. घर म्हणजे तिच्या धाकट्या भावाचं. मला माळ्यावर टाकलं, एका बंद पडलेल्या पंख्याच्या आणि डांबराच्या गोळ्यांच्या सोबतीला. अकरा वर्षं झाली त्याला.

हा भाऊ बावन्न वर्षांचा आहे आणि ताई त्याला अजून पिंट्या म्हणते. तो बसगाड्यांची वेळापत्रकं बनवतो. कुठली बस किती वाजता सुटणार हे तो कचेरीत ठरवतो, आणि थांब्यावरची माणसं त्याच्या नावानं बोटं मोडतात. एवढ्यावर भागलं असतं तर ठीक. पण हा गृहस्थ घरीही तेच करतो.

यंदा त्याच्या डोक्यात आलं की वाळवंटातल्या राष्ट्रीय उद्यानात सहकुटुंब तंबूत राहायला जायचं. तीन दिवस. कचेरीत कुणीतरी फोटो दाखवले होते. मी माळ्यावरून ऐकलं आणि, खोटं कशाला बोलू, माझी घडी आतल्या आत शहारली. ताई आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत होती. तिच्या पानांची सळसळ थांबली.

मग दर रविवारी चहानंतर जेवणाच्या टेबलावर बैठका सुरू झाल्या. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, म्हणतात ना, ते मी डोळ्यांनी पाहिलं. मला अजून माळ्यावरून काढलंही नव्हतं आणि नवरा-बायकोत माझ्या कुठल्या कोपऱ्यात कुणी झोपायचं यावरून कडाक्याचं भांडण झालं. पिंट्यानं नऊ पानी यादी केली. प्रत्येक वस्तूला नंबर. शिवाय वेळापत्रक. त्यात लिहिलं होतं: 'सहा चाळीस, सूर्योदय पाहणे. सहा पंचावन्न, सूर्योदय पुरे. सात पाच ते सात वीस, शांततेचा अनुभव घेणे (कुणीही बोलू नये).' हे वाचून दाखवताना त्याचा चेहरा लग्नपत्रिका वाचत असल्यासारखा खुलला होता.

त्याची बायको रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत काम करते. तिला चिठ्ठी चिकटवल्याशिवाय कुठल्याही वस्तूवर विश्वास ठेवता येत नाही. तिनं सतरा डबे भरले. एका साबणावर 'जेवणाआधी' आणि दुसऱ्यावर 'जेवणानंतर' अशी चिठ्ठी होती. साबण एकाच कंपनीचे, एकाच वासाचे.

त्यांची अकरा वर्षांची मुलगी ठमी. ती गप्प बसून सगळं ऐकायची आणि मधेच एखादा प्रश्न विचारायची. घरात डोकं चालतं ते तिचं, म्हणून तिच्याकडे कुणी लक्ष देत नसे.

आणि ताई? ताईला कुणी काही विचारलंच नाही. वाळवंटात कसं राहायचं याचे सतरा व्हिडिओ पिंट्यानं पाहिले. दाढीवाल्या अनोळखी माणसांना रात्रंदिवस प्रश्न पाठवले. आणि बावीस हिवाळे त्याच वाळूत काढलेली सख्खी बहीण भिंतीपलीकडे बसून शेंगा सोलत होती. काखेत कळसा नि गावाला वळसा. त्याचं कारणही त्यानं मनाशी ठरवून टाकलं होतं. ताईचे गुडघे दुखतात, तिला कुठे झेपणार? शिवाय गाडीत मागच्या सीटवर ठमीशेजारी एकच जागा उरत होती आणि ती त्यानं नव्या शीतपेटीला दिली होती. बसमध्ये करतो तसा आसनांचा तक्ता काढून त्यानं तिथे चक्क लिहिलं होतं, 'शीतपेटी (खिडकी).'

उद्यानात राहायच्या परवानगीचा अर्ज एका रविवारी संध्याकाळी सहापर्यंत संगणकावर भरायचा होता. एकदा पाठवला की त्यात नाव वाढवता येत नाही, असं वर लाल अक्षरात होतं. पिंट्यानं महिनाभर आधीच तीन नावं भरून ठेवली, पाठवायचं तेवढं बाकी ठेवलं.

यादी फ्रिजवर चिकटवलेली होती. एका सकाळी ताई दूध काढायला आली. तेव्हा मला खाली उतरवून सोफ्यामागे टाकलं होतं, म्हणून मी हे समोरून पाहिलं. तिनं चष्मा लावला आणि यादी वाचायला लागली. सदुसष्ट, गॅस बंद करणे. अठ्ठ्याऐंशी, कुंड्यांना पाणी, शेजारच्या काकू. एकोणनव्वद, ताईला डबा, शेजारच्या काकू.

ताईनं चष्मा पुसला आणि पुन्हा वाचलं. दूध न घेताच तिनं फ्रिज बंद केला.

मला संताप आला तो तिचाच. या बाईनं उन्हाशी, वाळूशी, वरिष्ठांशी दोन हात केले, आणि भावाच्या फ्रिजसमोर मूग गिळून बसली! एक वाक्य बोलायचं होतं. 'पिंट्या, मलाही यायचंय.' पण नाही. विचारल्याशिवाय जायचं नाही, हा तिचा ताठा. माझ्या बांबूंना वाकता येत नाही ते एक समजू शकतो, पण माणसाला तर मान दिलेली असते.

मग माझा सराव झाला. कुठे? दिवाणखान्यात! फरशीवर मेख कशी ठोकणार, म्हणून माझे तणावे फ्रिजच्या दांड्याला, सोफ्याच्या पायाला, खिडकीच्या गजाला आणि कपाटाच्या मुठीला बांधले. पिंट्यानं घड्याळ लावलं. "चौदा मिनिटं चाळीस सेकंद!" तो ओरडला. मी उभा नव्हतो, मला फासावर दिलं होतं. तेवढ्यात बायकोनं कोथिंबीर काढायला फ्रिज उघडला आणि मी तिघांच्या अंगावर कोसळलो. आतल्या खोलीतून ताईच्या हसण्याचा आवाज आला. कित्येक वर्षांनी ऐकला तो.

ती दारात येऊन उभी राहिली. "पिंट्या, मेखा कुठे ठोकणार आहेस?"

"जमिनीत, ताई. आणखी कुठे?"

"कसली जमीन?"

"अगं, राष्ट्रीय उद्यान आहे ते. त्यांनी जमीन दिली असेल ना व्यवस्थित."

माझ्या घडीतून आठ पिशव्या फरशीवर पडल्या होत्या, त्यांच्याकडे ताईनं पाहिलं. पिंट्यानं त्या उचलल्या आणि यादीत लिहिलं, 'चिंध्या आठ, काढून टाकणे.' त्याच दुपारी त्यानं त्यातल्या तीन पिशव्यांनी गाडी पुसली आणि काळ्या झाल्या म्हणून कचऱ्यात टाकल्या. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच. फरक एवढाच की याला उंट अजून भेटला नव्हता.

ठमी मात्र विचारात पडली होती. "बाबा, तिथे वाळू असणार ना?"

"असणार की. चिक्कार!"

"मग आपण फरशीवर का सराव करतोय?"

या प्रश्नाला वेळापत्रकात जागा नव्हती. पण पोरगी पिच्छा सोडेना, म्हणून शेवटच्या रविवारी दुपारी, अर्ज पाठवायच्या आधी, ते मला शेजारी चाललेल्या बांधकामावर घेऊन गेले. तिथे वाळूचा मोठा ढीग पसरलेला होता. पिंट्यानं नव्या लालभडक मेखा आणल्या होत्या, हलक्या आणि चकचकीत. त्या त्यानं ठोकल्या, मला उभं केलं आणि कमरेवर हात ठेवून फोटोला उभा राहिला.

वारा आला. मी मुद्दाम काही केलं नाही. वाऱ्याला नको म्हणालो नाही, इतकंच. लाल मेखा दातांसारख्या पटापट पडल्या. मी आधी पिंट्याच्या तोंडावर बसलो, मग सिमेंटच्या गोण्यांवरून उडालो आणि रखवालदाराच्या सायकलीला जाऊन बिलगलो. त्यांनी मला पुन्हा उभं केलं. मी पुन्हा गेलो. तिसऱ्यांदा पिंट्या घामाघूम होऊन वाळूत बसला आणि म्हणाला, "तंबूच भिकार आहे."

भिकार! बावीस हिवाळे पाहिलेल्या माझ्या अंगावर हे शब्द!

"तंबूला नाव ठेवू नकोस." आवाज वरून आला. आमच्या पहिल्या मजल्याच्या गॅलरीत ताई उभी होती. गुडघ्यांना झेपणार नाही म्हणून जिला विचारलं नाही, ती बाई कठडा धरून अठरा पायऱ्या उतरली. प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकत. तिला पुरती दहा मिनिटं लागली. कुणी जिन्यापर्यंत गेलं नाही, सगळे तोंडं उघडी टाकून बघत राहिले. एकटी ठमी धावली.

"माझ्या पिशव्या कुठे आहेत?" ताईनं विचारलं.

मिळाल्या त्या पाचच. एक कुंडीखाली, एक मोरीच्या दाराशी, एक डब्यांच्या खाली आणि दोन गाडीच्या डिकीत. ताई वाळूत फतकल मारून बसली. पिशव्या भरल्या, तणावे बांधले, ठमीकडून खड्डे खणून घेतले. "अजून खोल. कोपरापर्यंत हात गेला पाहिजे." पाच पिशव्यांवर मी उभा राहिलो. वारा आला, मी पोट फुगवलं आणि जागचा हललो नाही. किती वर्षांनी!

आता या क्षणी कुणीही शहाणा माणूस काय म्हणाला असता? पिंट्यानं खिशातून पेन काढलं. "ताई, कमाल आहे! हे सगळं मला लिहून दे ना. नंबर घालून."

मला वाटलं, आता पडावं आणि याला कायमचं गुंडाळून टाकावं.

ताईनं त्याच्याकडे पाहिलं. तिच्या हातावर वाळू होती, ती तिनं झटकली नाही. "लिहून नाही येत ते, पिंट्या. हाताला येतं."

"मग तिथे आम्ही काय करायचं?"

"हात न्यायचे." मग अकरा वर्षं गिळलेलं एकदाचं बाहेर आलं. "आणि हात माझ्याशिवाय जात नाहीत. मलाही यायचंय रे. माझा दगड आहे तिथे. उभा आहे की नाही, एवढं बघायचंय मला. एकोणनव्वद नंबरात डबा खात बसायचं नाहीये."

पिंट्या गोरामोरा झाला. "पण शीतपेटी..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं. मग त्याच्या बायकोनं त्याच्या हातातलं पेन काढून घेतलं आणि त्याच्याच खिशातल्या सीटच्या तक्त्यात शीतपेटीवर काट मारली. मी तिच्याविषयी बरं बोलतोय याची नोंद घ्या, पुन्हा बोलेन असं नाही.

पावणेसहाला चौघं संगणकासमोर बसली. मला घडी करून दाराशी ठेवलं होतं. अर्जात शेवटी एक रकाना होता: 'यापूर्वी उद्यानात मुक्काम केला आहे का? किती दिवस?' तीन नावांपुढे पिंट्यानं शून्य, शून्य, शून्य भरलं होतं. चौथ्या ओळीवर ताईनं त्याला बाजूला सरकवलं आणि एका बोटानं शोधत शोधत टाइप केलं, 'बावीस हिवाळे.'

परवानगी आली, उद्या सकाळी निघायचं आहे. गाडीच्या टपावर मला बांधतायत. माझ्या पोटात आठ पिशव्या आहेत. बायकोनं प्रयोगशाळेतला जुना पांढरा कोट फाडून तीन नव्या शिवल्या आणि त्यांवर चिठ्ठ्याही लावल्या, 'वाळू'. म्हणजे पिशवीला विसर पडायला नको. पिंट्यानं वेळापत्रक नव्यानं छापलंय. त्यात 'ताईचा दगड, नऊ दहा ते' असं लिहून पुढची जागा मोकळी सोडली आहे. त्याला ती भरता आली नाही की भरायची नव्हती, मला ठाऊक नाही आणि मी विचारणारही नाही.

आता तोंडावर दोरी येतेय, बोलणं संपवतो. तुमच्याही माळ्यावर कुणी असेल तर त्याला खाली काढा. पण त्याआधी आतल्या खोलीत कोण बसलंय, ते एकदा बघून या.