ओरेस्टच्या ओसरीतलं फावडं

बर्फ उचलायचं एक साधं फावडं आहे मी. जरा वाकलेलं पातं, बर्चच्या लाकडाचा दांडा, आणि दांड्यावर हात घासून घासून गुळगुळीत झालेल्या दोन जागा. त्या ओरेस्ट हावरिलुकच्या हातांनी झाल्या. हल्ली मला दुसरेच हात धरतात. ते लहान आहेत, त्या जागांवर नीट बसत नाहीत.

जन्म कारखान्यातला. त्यातलं काही आठवत नाही, आणि आठवण्यासारखं तिथं असेलसं वाटतही नाही. पहिलं आठवतं ते गावातल्या सहकारी दुकानातलं मारिकाचं बोट. भांडं वाजवून घ्यावं तशी तिनं माझ्या पात्यावर टिचकी मारली, आवाज ऐकला आणि मला खांद्यावर टाकून घरी नेलं.

"धान्याचं जुनं फावडं बर्फाला वापरतोस," ती नवऱ्याला, ओरेस्टला, म्हणाली. "उद्या बर्फाचा पाव भाजून मागशील."

"भाजलास तर खाईन की. नाहीतरी तुझा पाव..."

"बोल ना. थांबलास का?"

तो मला घेऊन बाहेर गेला. आमची ओळख झाली ती अशी.

ओरेस्ट म्हणजे जन्मभर गव्हाची शेती केलेला माणूस. म्हातारपणी शेत विकून गावात राहायला आलेला. करायला काही उरलं नव्हतं, म्हणून बर्फ त्याला आवडायचा. उजाडलं की तो मला ओसरीतून उचलायचा. आधी पायऱ्या, मग फाटकापर्यंतची वाट, मग घरासमोरचा रस्त्याकडेचा पट्टा. सगळं झालं की चुलीतली राख बादलीतून आणून मुठीमुठीनं वाटेवर टाकायचा, म्हणजे कुणाचा पाय घसरायला नको. राख टाकताना त्याचा हात पेरणीसारखा चालायचा. मग मारिका आतून खिडकीवर चमचा वाजवायची. कॉफी झाली.

आमच्या गल्लीत कुणी कुणाला "कसं काय, बरं आहे ना?" असं विचारत नाही. विचारलंच तर समोरचा "बरंय" म्हणतो आणि हवेबद्दल बोलू लागतो. इथं लोक एकमेकांच्या दारातली वाट बघतात. वाट साफ दिसली म्हणजे माणूस उठला आहे, हातपाय चालत आहेत. वाट बुजलेली राहिली, तर दुपारच्या आत कुणीतरी सुपाचं पातेलं घेऊन दार वाजवतं. हे कुणी ठरवलं नाही आणि कुणी कुणाला शिकवलंही नाही.

मारिका गेली तो उन्हाळा होता, त्यामुळं त्यातलं मी काही पाहिलं नाही. ओसरीत भिंतीला टेकून ऐकलं तेवढंच. दफनानंतरच्या जेवणाला समोरच्या घरातल्या स्टेफ्कानं भात भरलेले कोबीचे रोल करून आणले होते. स्टेफ्का म्हणजे मारिकाची जिवलग मैत्रीण, तीही विधवा. ओरेस्टनं एक रोल खाल्ला आणि म्हणाला, "मारिकाचे बरे व्हायचे." ते खरंच होतं. पण खरं बोलायचीही एक वेळ असते. तेव्हापासून दोघांचं सरळ बोलणं बंद झालं. उरलं ते रस्त्याच्या या काठावरून त्या काठावर खेकसणं. ते मात्र न चुकता चालायचं.

शेजारच्या घरात कोरीन आली ती गेल्या पानगळीत, नवी नवरी होऊन. पश्चिमेच्या समुद्राकाठची मुलगी. तिच्या माहेरी हिवाळा म्हणजे पाऊस. नवरा उत्तरेकडं खाणीत कामाला, दोन आठवडे तिकडे आणि दोन आठवडे घरी. तो नसला की ती खिडकीत कप धरून उभी राहायची. सकाळी गाडीचं इंजिन गरम ठेवणारी वायर काढताना गाडीशीच बोलायची, "उठ बाई, तुला तरी कुठं जायचंय?"

एकदा तिनं कुंपणावरून ओरेस्टला हाक मारली. "गुड मॉर्निंग, मिस्टर हावरिलुक."

"हं," ओरेस्ट म्हणाला. चार फावडी बर्फ उडवून झाल्यावर मान वर करून म्हणाला, "टोपी घाल. कान जातील."

हे रागावणं होतं की माया, याचा विचार करत ती बराच वेळ तिथंच उभी राहिली. दुसऱ्या दिवशी मात्र कानांवर ओढलेली जाड लोकरीची टोपी घालून बाहेर आली.

जानेवारीतली एक संध्याकाळ. ओरेस्टच्या स्वयंपाकघरात बटाट्याचं पोतं पडावं तसा आवाज झाला. मग खुर्ची घसटल्याचा आवाज आला. मग त्यानं घरच्या युक्रेनियन भाषेत एक शिवी हासडली, आणि मग हळू आवाजात म्हणाला, "मारिका." त्यानंतर काही नाही. बाहेर बर्फ पडायला लागला.

उजाडलं तरी दार उघडलं नाही. पायऱ्या बुजल्या, वाट बुजली. जन्मात पहिल्यांदा मला बर्फाचा राग आला नाही. पड म्हटलं, चांगला गुडघाभर पड. दुपारपर्यंत कुणीतरी पातेलं घेऊन येईल.

आली ती कोरीन. तिच्या घरचं प्लास्टिकचं फावडं थंडीनं तडकलं होतं, म्हणून मला मागायला. ती ओसरीत चढली, दार वाजवायला हात वर केला, आणि पडदा ओढलेला दिसताच हात खाली घेतला. "झोपले असतील," ती पुटपुटली. "त्यांच्या आधी आपणच करून टाकू."

तिनं मला उचललं. मी पायरीच्या फटीत अडकलो, पात्याला बर्फ धरून ठेवला, जमेल तेवढा जड झालो. तिला वाटलं, आपल्यालाच सवय नाही. तिनं आणखी जोर लावला. पायऱ्या, वाट, रस्त्याकडेचा पट्टा, सगळं तिनं चकचकीत केलं. असं चकचकीत ओरेस्टनंही कधी केलं नव्हतं.

मग एकेक जण जाऊ लागला. टपालवाली पेटीत कागद टाकताना म्हणाली, "आज म्हातारबुवा लवकर आटोपले." कोपऱ्यावरचा लेनर्ड कुत्रं फिरवत आला. कुत्रं फाटकाशी थांबून भुंकायला लागलं. "चल रे," लेनर्डनं साखळी ओढली. "वाट साफ आहे, म्हणजे बरा आहे तो. सकाळी सकाळी शिव्या खायच्यात का?" समोर स्टेफ्काचा पडदा हलला. तिनं साफ झालेली वाट पाहिली, आणि तिच्या स्वयंपाकघरात दिवा लागला. ती कॉफी ठेवायला गेली असणार.

आणि मी ओसरीत, दाराला टेकून. फळीच्या पलीकडं माणूस पडलेला आणि अलीकडं मी. दोघांचंही कुणाला ऐकू जात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा बर्फ आणि पुन्हा कोरीन. आज तर ती गुणगुणत होती. पायऱ्या काढत असताना आतून टक, टक असा बारीक आवाज आला, जमिनीवर काहीतरी आपटल्यासारखा. मला दांड्याच्या टोकापर्यंत ऐकू आला. तिच्या कानांवर टोपी होती.

वाचवलं ते भांडणानं. स्टेफ्का कचऱ्याची पिशवी ठेवायला बाहेर आली. समोरची वाट आरशासारखी चमकताना तिला दिसली.

"ओरेस्ट!" ती तिथूनच गरजली. "राख काय चाटून खाल्लीस? ती टपालवाली आपटली तर उचलायला तू येणारेस का?"

उत्तर आलं नाही. ओरेस्ट कशालाही उत्तर द्यायचा नाही, पण स्टेफ्काच्या खेकसण्याला दिल्याशिवाय राहायचा नाही. ती लोकरी बुटांनी फरफटत रस्ता ओलांडून आली. कोरीन मला हातात धरून फाटकाशी उभी होती.

"कुणी काढलं हे?"

"मी."

"आणि काल?"

"कालही मीच. का?"

स्टेफ्कानं मुठीनं दार बडवलं, मग कोटाच्या खिशातून किल्ली काढली. मारिकानं कधीतरी दिलेली. जिच्या नवऱ्याशी आपण धड बोलत नाही, तिच्या घरची किल्ली ही बाई रोजच्या कोटात का बाळगत होती, हे विचारणारा मी कोण?

ओरेस्ट टेबलाखाली पडला होता, टेबलक्लॉथ ओढून अंगावर घेतलेला. ओठ कोरडे, हातात लाकडी चमचा. त्यानं डोळे उघडले, स्टेफ्काकडं पाहिलं, मग तिच्या पायांकडं.

"बूट काढ," तो म्हणाला. "लादी पुसलीय."

"गप्प बस, मेल्या," स्टेफ्का म्हणाली, आणि त्याच ओल्या बुटांनी त्याच्याशेजारी बसून रडायला लागली.

रुग्णवाहिका आली. साफ वाटेवरून स्ट्रेचर सुरळीत गेलं, कुठं अडलं नाही. कोरीन पायरीवर बसली. "मला वाटलं, त्यांना मदत होईल. निदान ओळख होईल. मी इथं कुणालाच ओळखत नाही."

"ओळख करायची तर दार वाजवावं, पोरी," स्टेफ्का म्हणाली. "वाट बुजली असती तर मी कालच आले असते. ती त्याची हाक होती. तू ती उचलून बाजूला टाकलीस." मग तिचं तिलाच ते फार झालंसं वाटलं असावं. नाक पुसत म्हणाली, "आणि मी? मी खिडकीतून साफ वाट पाहिली नि कॉफी पीत बसले. ऊठ आता. अंगात काही गरम जाऊ दे."

कंबरेचं हाड मोडलं होतं. ते जुळलं, पण ओरेस्ट परत आला नाही. कॅल्गरीहून त्याची मुलगी लेस्या आली. तिनं त्याला मोठ्या गावातल्या वृद्धाश्रमात ठेवलं. तिथं बर्फ यंत्रानं काढतात म्हणे, आणि म्हातारे काचेतून बघतात. ओरेस्ट दिवसभर त्या यंत्रवाल्याला नावं ठेवतो, असं लेस्या सांगत होती. सांगताना हसत होती, पण हसू डोळ्यांपर्यंत पोचत नव्हतं.

जाताना तिनं मला कोरीनच्या हाती दिलं. "एवढं कराल का? घर विकलं जाईपर्यंत वाट साफ ठेवा. रिकामं दिसलं की लोक काचा फोडतात. आत कुणीतरी राहतंय, असं वाटायला हवं."

कोरीननं मान डोलावली. नाही म्हणायला तिला तोंड नव्हतं.

तेव्हापासून मी हे काम करतो. जन्मभर मी एका माणसाच्या असण्याची खूण उमटवत आलो. आता तीच खूण त्याच्या नसण्यावर पांघरतो. काम तेच, घाम तेवढाच. पण पातं जमिनीवर घासताना पूर्वीसारखं वाजत नाही, असं मला वाटतं. लोखंडाला काय वाटायचंय, असं तुम्ही म्हणाल. म्हणा.

गेल्या आठवड्यात स्टेफ्का रस्ता ओलांडून आली. "सकाळी पडदा सरकवला की वाटतं, उठला," ती म्हणाली. "मग आठवतं. रोजच असं होतं."

कोरीननं मला खाली टेकवलं. "मग नको काढू का?"

"काढ. लेस्याला शब्द दिलायस. पण आधी माझ्याकडं येत जा. आधी तुला पाहिलं, की मग मला तसं वाटणार नाही."

आज पहाटेपासून पडतोय. कोरीन सवयीनं सरळ इकडंच आली. अर्धी वाट झाली असेल तेवढ्यात समोरचं दार उघडलं.

"कोरीन! विसरलीस ना? कॉफी गार होतेय इकडं."

तिनं मला बर्फाच्या ढिगात खोचलं आणि गेली. मी असा वाटेच्या मधोमध उभा, कुणी नसलेल्या घराकडं पाठ करून.

तुमच्याकडं माझ्यासारखं कुणी असेल तर एवढंच सांगतो. दुसऱ्याच्या दारात मला चालवण्याआधी ते दार वाजवा. झोपमोड झाली तर चार शिव्या बसतील. शिव्या बसल्या, म्हणजे माणूस आहे. बर्फाची काळजी नको, तो कुठं पळून जात नाही.

समोरच्या खिडकीत त्या दोघी बसल्यात. एकीचा नवरा लांब, दुसरीचा नवराही गेलेला नि मैत्रीणही. उठायचं नाव घेत नाहीत. इकडं काढलेली वाट पुन्हा भरत चाललीय. भरू दे. थोडा वेळ तरी या घराला खरं बोलू दे, की आत कुणी नाही.