नव्या डोळ्यावरचा जुना चष्मा

ठमाबाई पुन्हा पडली. या वेळी नाचणीच्या बांधावरून, गवताच्या भाऱ्यासकट. पंधरा दिवसांत तिसऱ्यांदा. महाडला उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यापासून ती सुईत दोरा ओवायला लागली होती, पण जन्मभर तुडवलेला बांध तिच्या पायाला सापडेना.

"जमीन वर आल्यासारखी दिसते गो चंद्रे," ती मला, शेजारणीला, म्हणाली. "पाय टाकते, तर खाली कायच नाय."

मुलाला, अक्षयला मुंबईला फोन गेला. तो म्हणाला, रविवारी येतो नि आईला कायमची घेऊन जातो. म्हणजे गावचं, कुडपणचं घर बंद, शेत ओस. ठमाबाईनं दोन दिवस भाकरीला हात लावला नाही.

शनिवारी मी तिला महाडला तपासणीला नेलं. डॉक्टरीणबाईंनी आधी तिच्या नाकावरचा जुना जाड चष्मा उतरवला.

"आजी, हा कशाला घालता? तुमच्या डोळ्यातला तिरपेपणा आम्ही नव्या भिंगानं काढला. हा चष्मा त्या डोळ्याला पुन्हा सगळं तिरपं दाखवतोय. मग पाय नीट कसा पडेल?"

ठमाबाई माझ्याकडं बघायला लागली. आमच्या पठारावरचा वारा माणसाला उभं राहू देत नाही. नव्या डोळ्याला वारा लागेल, बाहेर चष्मा घालून फिर, हे शहाणपण माझंच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"तरी जपून चाला," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दुसऱ्या डोळ्याचं होईपर्यंत दोन डोळे दोन तऱ्हेचं बघणार. तोल जाईल."

रविवारी अक्षय आला नि आल्या आल्या आईची लुगडी पिशवीत भरायला लागला. चष्मा कोनाड्यात ठेवून, काठी घेऊन ठमाबाई शेताकडं निघाली. पिशवी घेऊन तो मागोमाग, त्याच्यामागं मी.

ती बांधावर चढली. मधे दोनदा थांबली, एकदा चांगलीच कलली. पण पोचली पलीकडं, आणि दगडावर बसली.

"आये, चल. वीर टेसनावरची गाडी चुकंल."

"न्यायचं तर हिकडं येऊन ने."

अक्षयनं बूट काढले. बांधावर पाय टाकला, तो घसरून घोट्यापर्यंत चिखलात गेला. त्यानं पाय मागं घेतला.

"दुसऱ्या डोळ्याची तारीख तेवढी घेऊन ठेव रे," ती पलीकडून म्हणाली. "तवर मी हाय हितंच."

मी त्याच्या हातातली पिशवी घेतली, घरी गेले, आणि तिची लुगडी परत वलणीच्या दोरीवर टाकली.