शेवटच्या अठरा पट्ट्या

अठ्ठ्याऐंशीवी पट्टी, म्हणजे पियानोची उजवीकडची अगदी शेवटची, जिथे असायला हवी त्याहून अडतीस भाग चढी होती. लगतच्या दोन सुरांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर त्यातले अडतीस. सहा महिन्यांपूर्वी बाबांनी लावली तेव्हा याच पट्टीचा आकडा सत्तावीस होता, त्याआधी एकोणीस. फोन मी मांडीवर पर्सच्या आडोशाला धरला होता, त्यामुळे पडद्यावरचा सूर मोजणारा काटा फक्त मला दिसत होता.

बाबांनी पट्टी पुन्हा दाबली, मान किंचित तिरकी केली आणि म्हणाले, "हं. आता कशी लख्ख बोलली."

बाबा त्रेचाळीस वर्षं लोकांच्या घरचे पियानो लावतात. मी मोजमापाची उपकरणं तपासणाऱ्या प्रयोगशाळेत काम करते. कुठला तराजू किती चुकतो, कुठला तापमापक किती, ते बघायचं आणि चूक मर्यादेबाहेर गेली की त्यावर लाल चिठ्ठी लावायची, हे माझं रोजचं काम. तिथे मी कधी कुणाची भीड ठेवलेली नाही.

पियानोच्या वरच्या प्रत्येक पट्टीला तीन तारा असतात. दोन तारांत रबराची पाचर घालून त्या गप्प करायच्या, तिसरी लावायची, मग एकेक मोकळी करून तिच्याशी जुळवायची. जरासा फरक असला तरी आवाज वरखाली होत राहतो. बाबा त्याला लाट म्हणतात. लाट थांबली की सूर लागला. मी सोळा वर्षांची असताना त्यांनी मला हे शिकवलं. खालच्या सत्तर पट्ट्या ते आजही अशा लावतात की माझ्या उपकरणाला बोलायला जागा राहत नाही. प्रश्न शेवटच्या अठरांचा. तिथली लाट त्यांना ऐकूच येत नाही. तीन वर्षांपूर्वी हे माझ्या लक्षात आलं. त्यांचे गुडघे दुखायला लागल्यापासून बॅग उचलायला आणि गाडी चालवायला शनिवारी मी बरोबर जाते, म्हणून लक्षात आलं. नाहीतर कुणा गिऱ्हाइकाच्या आलं असतं.

सांगायचं ठरवलं होतं. पहिल्याच महिन्यात ठरवलं होतं. पण आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं, आणि शनिवारची सकाळ ही एकच गोष्ट अशी होती की जिच्यासाठी बाबा दाढी करायचे. झाकली मूठ झाकलेलीच राहू दे, असं मी स्वतःला समजावलं आणि एक उपाय काढला. निघताना त्यांच्या बॅगेतली एखादी वस्तू गिऱ्हाइकाकडे मागे ठेवायची. कधी पाचर, कधी तारा गप्प करायची फेल्टची फीत. रविवारी फोन करायचा, "बाबांचं काहीतरी राहिलंय, येऊ का?" मग गेलेच आहे तर जरा तपासते म्हणत चाळीस मिनिटांत वरच्या अठरा पट्ट्या फोनवरच्या काट्याकडे बघून उतरवायच्या. कुणाची तक्रार आली नाही. पुढच्या खेपेला लोक बाबांना हसत म्हणायचे, "काका, मागच्या वेळी तुमची पाचर इथेच राहिली होती हं." बाबा जीभ चावायचे. म्हातारपणी कोण विसरत नाही, असा माझा हिशेब होता.

आजचं घर दातांच्या डॉक्टरीणबाईंचं. खाली दवाखाना, वर घर, आणि खिडकीपासून दूर, आतल्या भिंतीला लावलेला पियानो. तो तिथे बाबांनीच हलवायला लावला होता. उन्हाने लाकूड हलतं, लाकूड हललं की सूर हलतो. डॉक्टरीणबाईंची नऊ वर्षांची मुलगी बाबांच्या अगदी कोपराशी उभी होती.

"आजोबा, तो काटा परत वाजवा ना."

बाबांनी खिशातून स्वरकाटा काढला, आपटला की एकच ठरलेला सूर देणारा दोन पात्यांचा पोलादी काटा. त्यांच्या गुरुजींनी दिलेला, दांडीवरची चकाकी बोटांनी झिजून गेलेली. त्यांनी तो गुडघ्यावर आपटला आणि दांडी तिच्या कोपराला टेकवली. ती शहारून हसली.

"हातात ऐकू येतंय!"

"आपण सगळीकडून ऐकतो," बाबा म्हणाले. "कान म्हणजे नुसता दरवाजा."

"काका, तिला बिघडवू नका," डॉक्टरीणबाई चहाचे कप ठेवत म्हणाल्या. "उद्या शाळेत बाईंना सांगेल, मी कोपराने ऐकते."

बाबा हसत चहाकडे वळले. काटा पियानोच्या झाकणावर राहिला होता. बॅग त्यांनी आधीच बंद केली होती, हाताशी दुसरं काही नव्हतं. निघताना इथेच कुठेतरी सोडायचा म्हणून मी तो माझ्या खिशात टाकला.

चहा झाल्यावर बाबांनी बॅग परत उघडली. झाकणाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलेला होता. तो मी यापूर्वी पाहिला नव्हता. बाबांचं ठसठशीत अक्षर, एकाखाली एक, शेजारी पेन्सिलीने खुणा करायला चौकोन. ते प्रत्येक वस्तूवर बोट ठेवून हलक्या आवाजात वाचू लागले.

"किल्ली. आहे. पाचरी चार. एक, दोन, तीन, चार. फीत. आहे. काटा."

त्यांनी खिसा चाचपला. दुसरा चाचपला. पियानोच्या झाकणाकडे पाहिलं.

"इथेच ठेवला होता मी," ते म्हणाले. "आत्ताच. हिच्या कोपराला लावला आणि इथे ठेवला."

मग ते खाली बसले. गुडघे धरून, हळूहळू, आणि पियानोच्या पेडलांखाली हात घालून चाचपायला लागले. मुलगीही शेजारी पालथी पडली.

"काका, उठा हो. सापडला की फोन करते," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पुढच्या वेळी दोरीने गळ्यातच बांधू या तो."

"बांधा, बांधा," बाबा हसले. "काट्याबरोबर मलाही बांधा कुठेतरी."

मी हात देऊन त्यांना उठवलं. त्यांचा तळवा घामाने ओला होता. तेव्हाच खिशातून काटा काढून 'हा बघा, माझ्याकडेच होता' म्हणता आलं असतं. मी म्हटलं नाही. शेवटच्या पट्टीचे अडतीस भाग अजून तसेच होते.

गाडीत बसल्यावर मी किल्ली फिरवणार, तेवढ्यात बाबा म्हणाले, "थांब जरा. मंगळवारी अकराला सुट्टी मिळेल का तुला?"

"मिळेल. कशाला?"

"डॉक्टरांकडे. विसरायच्या आजाराचे असतात ना, त्यांच्याकडे." ते समोरच्या काचेकडे बघत होते. "तुला सांगणार नव्हतो एवढ्यात. पण आज काटा गेला. काटा मी कधीच विसरलो नाही गं."

मी गाडीच्या किल्लीवरचा हात काढला.

"दादाचं असंच सुरू झालं होतं. आधी चष्मा, मग किल्ल्या. शेवटी शेवटी मी भेटायला गेलो की मला म्हणायचा, 'या, पियानो लावायला आलात का? पण आमच्याकडे पियानो नाही.'" ते जरासे हसले. "मी रोज त्याला ओळख पटवत बसायचो. मी तुझा भाऊ, धाकटा. बिचारा दमून जायचा. तू तसं करू नकोस. मी ओळखलं नाही तर पटवत बसू नकोस. नुसती शेजारी बस."

"बाबा..."

"ऐकून घे. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर मी चिठ्ठ्या लावल्यात, त्या बघून घाबरू नकोस. गॅस बंद केल्याचं वहीत लिहितो. तीन वर्षं वस्तू मागे राहतायत, म्हणजे आजचं नाही हे." त्यांनी हातांकडे पाहिलं. "गंमत बघ, मला वाटायचं कान जातील. ट्यूनरचे कान कधीतरी जातातच. गुरुजींचेही वरचे सूर गेले होते. एक दिवस त्यांनी पियानो लावायची किल्ली माझ्या हातात दिली आणि स्वतः फुलझाडं लावत बसले. त्याची तयारी होती माझी. त्यात कसलं दुःख? पण हे असं, आतून..."

बाजूने एक सायकल गेली. वरच्या मजल्यावर ती मुलगी पियानो वाजवायला लागली होती. खालून वर, एकेक पट्टी. उघड्या खिडकीतून प्रत्येक सूर स्वच्छ येत होता. बाबा मान तिरकी करून ऐकत होते. ती वर वर जात राहिली, पहिल्या चढ्या पट्टीवर पोचली, तिच्या पुढे गेली. बाबांनी मान सरळ केली.

"थांबली का?" त्यांनी विचारलं.

ती थांबली नव्हती.

मी खिशातून काटा काढला आणि त्यांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी आधी काट्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. मी प्रयोगशाळेत वापरते तो आवाज काढायचा प्रयत्न केला. जमला नाही, पण वाक्यं सगळी आली.

"बाबा, तुम्ही काहीच विसरला नाहीत. आजही नाही, तीन वर्षांत एकदाही नाही. हा मी उचलला होता. पाचरी, फीत, सगळं मी मुद्दाम मागे ठेवत होते, दुसऱ्या दिवशी परत जाता यावं म्हणून. ती अजून वाजवतेय, बाबा. वरच्या अठरा पट्ट्या तुम्हाला ऐकू येत नाहीत. आता पियानो लावणं थांबवा."