शिग्रामच्या दारावरचा ग

दुपारची भांडी पालथी घालून झाली होती. सासूबाई माजघरात लवंडल्या होत्या आणि घरात कसलाही आवाज नव्हता. तेवढ्यात मागीलदारी बारीकसं खर्र झालं. थांबलं. पुन्हा खर्र. उंदीर सूप कुरतडतोय असं वाटून मी उठले.

मागच्या पडवीत मामंजींची घोड्याची शिग्राम उभी होती. ठाण्यात वकिलांच्या अशा गाड्या दोन-चारच, आणि हिच्या काळ्या रंगात तोंड दिसतं असं मामंजी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. त्या दिवशी ते एका दाव्यासाठी कल्याणला गेले होते. संध्याकाळी शिग्राम त्यांना आणायला स्टेशनावर जायची होती. आदल्या दिवशीची माजिवड्याच्या रस्त्याची धूळ तिच्यावर तशीच होती. त्या धुळीपुढे माझी पाच वर्षांची उत्तरा खिळा घेऊन बसली होती. दारावर तिने वीतभर ग काढला होता.

तिचं कुठे चुकलं ते मला लगेच कळलं. मी तिला धूळपाटीवर शिकवते. फळीवर धूळ पसरायची, काडीने अक्षर काढायचं, तळव्याने पुसायचं, पुन्हा काढायचं. दगडी पाटी घरात कुणाला तरी दिसली असती. धूळ कोण बघतं? काळं लाकूड आणि वर धूळ, म्हणजे तिच्या लेखी ही मोठी पाटीच. मला पाहून तिने शहाण्यासारखा तळवा फिरवला. धूळ गेली, ग राहिला.

"आई, हा जात नाही," ती म्हणाली.

ग चांगला होता, हेही सांगायला हवं. उभी रेघ सरळ आली होती.

मामंजींची धाकटी लेक कलावती वन्सं लिहायला शिकल्या आणि त्याच वर्षी त्यांचं कुंकू गेलं. तेव्हापासून या घरातल्या लेकींच्या हाती लेखणी द्यायची नाही, असं मामंजींनी देवापुढे सांगितलेलं. मला आमच्या यांनी शिकवलं, तिकडे मी सून म्हणून मामंजींनी कानाडोळा केला. पण उत्तरा त्यांची नात. हा ग त्यांनी पाहिला तर तिचं शिकणं त्याच दिवशी संपणार होतं.

गाडीवान धोंडीबा घोड्याला पाणी दाखवून आला. त्याला अक्षरं येत नाहीत. वाकून पाहत म्हणाला, काटा लागलेला दिसतो. माजिवड्याकडे बाभळीची फांदी घासली असं सांगून टाकतो, चार शिव्या खाईन. मी म्हटलं, बाभळीला असा ग काढता येत नाही. त्याने माझ्याकडे, मग उत्तरेकडे पाहिलं. मग विचारलं, काय काय आणू.

विळ्याचं पातं मुठीत बसवायला चपडी लाख घरात असते, ती काढली. चुलीत निखारे होतेच. धोंडीबाने दार ओल्या फडक्याने पुसून कोरडं केलं. मी लाखेत काजळ कालवलं, उलथन्याचं टोक तापवून ती वितळवली आणि ओरखड्यात दाबून भरली. लाख लगेच थिजते, तेवढं सोयीचं. शिंपल्याच्या धारेने वरची खरवडली, मागे सरून पाहिलं. काळ्या दारावर तांबूस ग. काजळ कमी पडलं होतं.

"वयनी," धोंडीबा म्हणाला, "आता तं आंधल्यालाबी वाचता येल."

हसू आलं, पण सासूबाई उठायच्या बेतात होत्या. भरलेली लाख टोकरून काढली. उत्तरेच्या काजळाची डबी बोटाने पुसून रिकामी केली, पुन्हा कालवलं, पुन्हा भरलं. मग शेणीची राख कापडातून गाळून, तिळाच्या तेलात भिजवून, मऊ चिंधीने हलक्या हाताने घासत बसले. उत्तरा शेजारी उकिडवी बसून, मध्येच बोट लावून पाहत होती. आधी ग ची गाठ गेली, मग बाक. सरळ रेघ सगळ्यांत शेवटी गेली.

सासूबाईंनी उठल्यावर विचारलं, पोरीच्या डोळ्यांत आज काजळ कसं नाही. संपलं, असं सांगितलं.

दिवेलागणीच्या आत शिग्राम परत आली. मी दाराआडून पाहत होते. उतरताना मामंजींचा हात नेमका तिथेच टेकला. त्यांनी हात उचलून बोटं हुंगली. दाराकडे पाहिलं. मी उत्तरेचा खांदा धरून ठेवला होता.

"तेल लावलंस का रे?"

"व्हय जी. धूल लय बसलेली."

"दर आठवड्याला लावत जा," असं म्हणून ते पाय धुवायला गेले.

मग मी उत्तरेला न्हाणीत नेलं. तिच्या नखांत राख आणि काजळ भरलं होतं, ते काढत तिला समजावलं की ही पाटी नव्हे, आजोबांची गाडी आहे, आणि ग ची गोष्ट कुणाजवळ बोलायची नाही. तिने मान हलवली. मग आपली बोटं पाहत म्हणाली,

"पुसलं की तू परत काढ म्हणतेस ना? मग आजोबांना दिसेल असं कधी काढायचं?"